चैतात जाणारी सावली

बुधी, तुझ्या वाडीतल्या निम्म्या बायका सध्या माझ्याशी बोलत नाहीत. तुला जाऊन तेरा दिवस झाले. तुझ्या चितेवर ठेवायला फाट्यावरच्या जांभळीचा एक फांदा तोडायला तुझा भाचा काळू कुऱ्हाड घेऊन आला होता, आणि मी त्याला नाही म्हणाले. चार लोकांत म्हणाले, आवाज चढवून म्हणाले. सरपंचपद सुटलं तरी हिची जीभ अजून सरपंचच आहे, असं तू मला चिडवायचीस. त्या दिवशी ते अगदी खरं ठरलं.

तू असतीस तर तुझ्याच ओट्यावर येऊन भांडण मिटवलं असतं. आता ओटा आहे आणि तू नाहीस, म्हणून हे लिहायला बसले. तुला माहीत नाही असं यात फार थोडं आहे. पण ते थोडं सांगायचं तर मधलं सगळंच पुन्हा सांगावं लागणार. नाहीतरी एकच गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय तुला झोप यायची नाही.

आपण दोघी पंचायतीत एकदमच आलो. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि घरच्यांनी मला उभं केलं, कारण मी दहावी झालेली. वाडीची राखीव जागा होती, तिथं तुला उभं केलं, कारण तू कुणाला घाबरत नव्हतीस. पहिल्या सभेला तुला खुर्ची दिली तर तू ती बाजूला सारून भिंतीला टेकून खाली बसलीस. भाऊसाहेब, म्हणजे आपले ग्रामसेवक, कानकोंडे झाले. तू म्हणालीस की खुर्चीवर पाय लोंबतात आणि पाय लोंबले की डोकं चालत नाही. मी हसले. माझंही मेलं तेच होत होतं, पण सरपंचानं खाली कसं बसायचं?

मग ते पत्र आलं. पंचायतीच्या मालकीची एक जागा झाडांसाठी आणि लोकांना बसायला कायमची मोकळी ठेवा, जागा ठरवा आणि ठराव धाडा. भाऊसाहेबांनी पंचायतीच्या जागांची यादी वाचली, त्यात कामाच्या तीन. एक नदीकाठची, एक देवळामागची आणि तिसरी फाट्यावरची, जिथं तुमच्या वाडीची पायवाट डोंगर उतरून शेणव्याच्या डांबरी रस्त्याला लागते. देवळामागं वस्ती दाटलेली, तिचा विचार कुणी केलाच नाही. फाट्यावर गाळे काढायचे असं माझ्या दिराच्या आणि त्याच्या दोन-चार मित्रांच्या मनात होतं. मला नदीकाठ हवा होता. वारा होता, पाणी होतं, चार बाकं टाकली की शहापुरातल्या माणसानंसुद्धा बघत राहावं. मी मनात आखणीही करून टाकली होती, फुलझाडं कुठं आणि पाटी कुठं लावायची इथपर्यंत.

तू सभेत एक अक्षर बोलली नाहीस. सभा सुटल्यावर दाराशी मला गाठलंस आणि म्हणालीस, "जागा कागदावं नाय दिसत गो शालन. परवा बाजार हाय. उजाडताना वाडीवं ये."

मी आले. धुतलेलं पातळ नेसून, पायात चप्पल घालून आले, म्हणजे जशी सरपंच जागेची पाहणी करायला जाते तशी. तुम्ही आठ-दहा जणी मोळ्या बांधून तयार होतात. एक मोळी जास्तीची होती. ती माझ्यासाठी आहे हे कळायला मला वेळ लागला. तू तुझ्या जुन्या लुगड्याचा धडपा पिळून त्याची चुंबळ केलीस, माझ्या डोक्यावर बसवलीस आणि दोघींनी मिळून मोळी वर चढवलीत. मी म्हटलं, अगं जागा बघायचीय. तू म्हणालीस, "तीच बघायचीय. डोळ्यांना नको इचारू, डोळे लबाड. मानंला इचार."

त्या उताराचं वर्णन मी कुणाला सांगत नाही. माहेरी-सासरी शेतात राबलेली बाई मी, भाताचे भारे वाहिलेली. पण डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणं वेगळं. पाय बघायचा तर मान वाकवता येत नाही, मान ताठ ठेवायची तर पाय दिसत नाही. चप्पल पहिल्याच वळणावर हातात घेतली. तुम्ही पुढं गप्पा मारत चाललेल्या, कुणाच्या कोंबड्या, कुणाचा नवरा, आणि मी मागं देवाचं नाव घेत. नदीकाठच्या बाजूला पायवाट फुटते तिथं आले तेव्हा मला ती सुंदर जागा लांबून दिसली, आणि तिकडं जायचा विचारसुद्धा नको वाटला. पार फाट्यावर आले, त्या जांभळीखाली छातीएवढी एक धोंड होती तिला तुम्ही ओळीनं मोळ्या टेकवल्यात, आणि मी मोळी टेकवली नाही, टाकलीच. सगळ्याजणी हसल्या. मानेतून कळ थेट कमरेपर्यंत गेली होती. मी त्या मातीत फतकल मारून बसले आणि वर बघितलं तर पानं.

"बोलली तुझी मान," तू म्हणालीस. मग म्हणालीस की नदीकाठची जागा वाईट नाही, पण ती चप्पल घालून फिरायला येणाऱ्याची आहे. ज्याला बसायची गरजच आहे त्याची जागा ही. तुमच्या आयासुद्धा याच ठिकाणी भार उतरवत होत्या, इथून पुढं जीपची नाहीतर एसटीची वाट बघत उभ्या राहत होत्या. आणि उठता उठता, जसं मीठ कमी आहे म्हणावं तसं, तू म्हणालीस, "फकस्त चैतात इथली सावली जाते."

मी वहीत लिहून घेतलं, सावलीसाठी आणखी झाडं लावणे. कुठं जाते ही सावली, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

ग्रामसभेत माझ्या दिरानं गाळ्यांची बाजू अशी मांडली की मलाही क्षणभर पटली. मग मी उभी राहिले. नदीकाठ मीच सुचवला होता आणि आता मीच फाटा म्हणतेय म्हटल्यावर लोक कुजबुजले, बाईमाणूस, एका मतावर राहील तर शपथ. मी सांगितलं की मी मोळी घेऊन डोंगर उतरून बघितलाय, ज्याला माझं म्हणणं पटत नसेल त्यानं परवा बाजाराच्या दिवशी एक मोळी उतरवून दाखवावी, मग गाळ्यांचं बोलू. कुणी पुढं आलं नाही. माझ्या दिरानं तर जोड्यांकडं बघायला सुरुवात केली. ठराव झाला. तू पुढं येऊन अंगठा उठवलास आणि तो कागद जागेवर ठेवायच्या आधी डोळ्यांपुढं धरून बघितलास, आपला अंगठा नीट उठलाय का ते.

त्या भिंतीची गंमत आठवते का? वरून आलेल्या साहेबांनी नकाशात ठेंगणी बाकं काढली होती. तू बोटानं ती बाकं दाखवून विचारलंस की यावर मोळी ठेवली तर परत डोक्यावर कोण देईल, साहेब का? एकट्या बाईनं भार उतरवायचा आणि एकटीनंच उचलायचा तर टेका छातीशी पाहिजे, गुडघ्याशी नाही. शेवटी आपण जुन्या धोंडीच्या दोन्ही बाजूंना छातीएवढी दगडी भिंत बांधून घेतली. पुढं जो कोणी तपासणीला यायचा तो विचारायचा, ही भिंत कशाला, हिच्या पलीकडं तर काहीच नाही. मी म्हणायचे, बाजाराच्या दिवशी या.

कुंपणाचं मात्र आपलं कधीच जमलं नाही. मी काटेरी तार लावली, तू म्हणालीस गावच्या जागेला कुंपण कुणाला बाहेर ठेवायला. मी म्हटलं बकऱ्यांना. तू म्हणालीस बकऱ्यापण गावच्याच. खालची तार कोण वाकवून ठेवायचं हे मला पक्कं माहीत होतं, बुधी, कारण त्या फटीतून नेमक्या तुझ्याच दोन बकऱ्या जायच्या. करंजाची निम्मी रोपं त्यांनी खाल्ली. तू आता नाहीस म्हणून मी हे मागं घेणार नाही. कुंपणाच्या बाबतीत मीच बरोबर होते, आणि हे तू जिवंतपणी एकदा तरी कबूल करायला पाहिजे होतंस.

जांभळीच्या बाबतीत मी बरोबर नव्हते. आता ते सांगते.

आपल्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. माघात झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाफ्यावर पसरून सुकू द्यायच्या, त्यावर शेण, पातेरा, माती टाकायची आणि पाऊस यायच्या आधी पेटवून द्यायचं. हा राब. राब नाही तर रोप नाही, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून कळतं. आणि कुणाच्या राबाला कुठलं झाड, हेही ठरलेलं असतं. बांधावरची आपली असतातच, पण गायरानातली, पंचायतीच्या जागेतली, रस्त्याकडेची झाडंसुद्धा घरोघर वाटून गेलेली असतात. कुठं लिहिलेलं नसतं. सासऱ्यांच्या हातचं झाड दिराच्या हाती येतं. राबाला ऐनाचं झाड चांगलं, पण ऐन पुरला नाही तर जांभळीचीही गय होत नाही. फाट्यावरची ती जांभूळ आमच्या घरची होती. म्हणजे जमीन पंचायतीची, ठराव माझ्या सहीचा, आणि झाडाच्या फांद्या आमच्या राबाच्या.

माघ आला. दिरानं कोयता परजला आणि सकाळी चहा पिताना मला विचारलं, कुठली कुठली झाडं घेऊ. मी भाकऱ्या थापत होते. मी एकेक करून झाडं मोजली: बांधावरचे ऐन, विहिरीवरचा किंजळ, फाट्यावरची जांभूळ. बुधी, मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तोंडातून शब्द गेला आणि मला काही खटकलं नाही. ठरावातली जांभूळ आणि राबाची जांभूळ ही दोन वेगळी झाडं असल्यासारखी मी वागले. आपल्याकडच्या कुठल्याही घरातली बाई हेच बोलली असती, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला समजावलं. ते खरंही आहे. पण ती बाई सरपंच नव्हती आणि तिनं मोळी उतरवली नव्हती.

माघ-फागुणात सावलीवाचून निभतं. चैत लागला, पहिला बाजार आला, आणि दुपारी तू माझ्या अंगणात उभी राहिलीस. आत ये म्हटलं तर आली नाहीस. पाणी दिलं ते घेतलं नाहीस. अंगणातून आमचा वाफा दिसतो, त्यावर फांद्या पसरलेल्या, पानं तांबूस होऊन कुरकुरीत झालेली. तू तिकडं बघत होतीस.

"आज आमी भिंतीला भार लावला नि उन्हातच उभ्या रायलो," तू म्हणालीस. "सावली तुमच्या शेतात सुकत पडली हाय."

तू मला कधी तुमच्या-आमच्या करत नव्हतीस.

आणि मी काय केलं? चूक झाली म्हणायचं सोडून मी वकिली केली. जांभूळ तोडली की जोमानं फुटते, पाऊस पडला की पुन्हा हिरवी होईल, म्हटलं. तू म्हणालीस पावसात सावली घेऊन काय करू. मी म्हटलं राब नको करू काय, आम्ही काय खायचं? आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी वर म्हटलं की नाहीतरी ती जांभूळ वांझ आहे, कधी फळ धरत नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तू माझ्याकडं बघितलंस. "वांझ नाय ती," म्हणालीस. "तिला कुणी धरू दिलंच नाय." आणि पदर सावरून निघून गेलीस.

त्यानंतरचे सगळे बाजार तू फाट्यावर थांबली नाहीस. पुढं मोरीच्या कठड्यावर भार टेकवायचीस, भर उन्हात, आपण भांडून मिळवलेल्या जागेच्या समोर. सभेला यायचीस, अंगठा द्यायचीस, जायचीस. मीही हट्टी. तू बोलत नाहीस तर मी का बोलू? रात गेली हिशेबात म्हणतात, आपलं अख्खं वर्ष गेलं त्या हट्टात.

पण पुढच्या माघात दिरानं कोयता परजला तेव्हा मी भाकरी तव्यावर टाकून उठले आणि म्हटलं, फाट्यावरच्या झाडाला हात लावायचा नाही. घरात काय झालं ते तुला माहीतच आहे, सगळ्या गावाला ऐकू गेलं. बापापासून आपली असलेली जांभूळ ही परक्या घरची बाई कोण सोडून देणारी, इथपासून ते राब कमी पडला तर रोपं काय पंचायतीच्या ठरावावर उगवणार का, इथपर्यंत. शेवटी मी म्हटलं की तुटीचा राब मी भरून देईन, डोंगरातून पातेरा आणून. वाळल्या पानांच्या किती खेपा लागतात हे न मोजताच बोलले.

पहिल्या दिवशी मी जाळं घेऊन डोंगरात गेले आणि पानं भरली तर ती उतारावर निम्मी सांडली. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. रडू आवरून तिसऱ्यांदा भरत होते तर मागून तुझा आवाज नाही, नुसते पाय वाजले. तू आलीस, जाळं माझ्या हातातून ओढून घेतलंस, आत उतरलीस आणि पायानं पानं तुडवत तुडवत दाबून बसवलीस, जशी लोणच्याची बरणी भरतात. मग माझा हात धरून मलाही आत घेतलंस. दोघी त्या पानांत नाचत होतो बाई. जाळं गच्च झालं तेव्हा माझ्या कमरेला खोचलेली तुझीच जुनी चुंबळ तू ओढून काढलीस, माझ्या डोक्यावर बसवलीस आणि भार दिलास. आठ दिवस रोज आलीस. तुझ्या घरी भाताची एवढी शेती नव्हती की तुला पातेरा लागावा. ते सगळं माझ्या वाफ्यात गेलं.

तिथंच मी म्हणायला पाहिजे होतं. चुकले गो. दोन शब्द होते. एवढी भाषणं ठोकली मी, स्टेजवर, माइकपुढं, आणि ते दोन शब्द माझ्या घशाखालीच राहिले. मला वाटलं तुला कळलंय. तुला कळलं होतंच. पण कळणं वेगळं आणि ऐकायला मिळणं वेगळं, हे मला आता कळतंय.

आणि एक विचारायचं होतं. पहिल्या दिवशी, त्या झाडाखाली, चैतात इथली सावली जाते असं तू म्हणालीस तेव्हा ती कुणाच्या वाफ्यात जाते हे तुला ठाऊक होतं ना? ठाऊक असणारच, तुम्ही दरवर्षी बघत होतात. मग तू नाव का घेतलं नाहीस? मी आपणहून ओळखते का ते बघत होतीस, का सरपंचाच्या घरावर बोट ठेवायची तुलासुद्धा भीती वाटली? पहिलं असेल तर मी नापास झाले. दुसरं असेल तर ते मला जास्त लागेल, कारण तू घाबरत नाहीस या भरवशावर मी इतकी वर्षं निर्धास्त होते.

जांभूळ वाढली. दोन वर्षांत तिचा आकारच पालटला. लोक म्हणायचे, ही तीच का? जन्मभर तिला खराट्यासारखी बघितलेली, तिला एवढे हात आहेत हे कुणाला माहीत. चौथ्या वर्षी चैतात तिला बारीक पांढरट फुलोरा आला आणि माशांचा नुसता गोंगाट. जेठात एका सभेला तू उशिरा आलीस, पळसाच्या पानाचा द्रोण थेट टेबलावर, भाऊसाहेबांच्या नोंदवहीवर ठेवलास आणि खाली बसलीस. टपोरी, काळी जांभळं. नोंदवहीवर जांभळा डाग पडला, तो अजून आहे. सगळ्यांनी खाल्ली. माझ्या दिरानंसुद्धा खाल्ली, आणि सगळ्यात जास्त. तू जीभ बाहेर काढून मला दाखवलीस, भर सभेत, जांभळी जीभ. सरपंचाला वेडावून दाखवणारी सभासद या तालुक्यात दुसरी झाली नसेल.

आता तेरा दिवसांपूर्वीचं. पाडव्याला चार दिवस होते. उन्हं वर आल्यावर निरोप आला आणि मी तशीच वाडीकडं निघाले. फाट्यावर पोचले तर काळू आणि तीन-चार पोरं जांभळीखाली उभी, एकजण वर चढलेला. वाडीची रीत मला माहीत आहे, घरटी एकेक लाकूड चितेला देतात. काळूचं म्हणणं होतं की तुझं लाकूड इथलं असावं. "तिचंच झाड हाय," तो म्हणाला. "तिलाच लागू दे." त्याचे डोळे लाल झालेले. मागं तुझी भावजय पार्वती आणि आणखी बायका. त्यांनाही ते पटलं होतं. मलाही पटलं, बुधी, खोटं कशाला बोलू. क्षणभर वाटलं, घे रे बाबा, तिच्याशिवाय कुणाचं आहे हे झाड.

मग मी वर बघितलं. जो फांदा तो तोडणार होता, तो भिंतीवरचाच होता. चैत तोंडावर आलेला. फुलोरा धरत होता. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, भाकऱ्या थापत झाडं मोजणारा. तेव्हाही कारण चांगलंच होतं. भात हे काय वाईट कारण आहे?

"खाली उतर," मी म्हटलं. "या झाडाचं पान तुटायचं नाय. तिच्यासाठीपण नाय." लाकूड माझ्या घरून न्या म्हटलं, पाहिजे तेवढं न्या. पार्वतीनं तोंड फिरवलं. कुणीतरी म्हणालं की शेवटी जांभूळ सरपंचाच्या घरचीच, वाडीची नाही. तो शब्द माझ्या वर्मी लागला, पण मी तिथून हलले नाही. वर चढलेला पोरगा उतरेपर्यंत मी बुंध्याला पाठ लावून उभी होते.

पावसाळ्यासाठी रचलेला ऐन आमच्या पडवीत होता. दिरानं स्वतः गाडी जुंपली. लाकडं भरली, आणि मी न सांगता त्यानं वाफ्यावरची राबाची रास उचलून वर टाकली, सगळी, पेटवण लागेल म्हणून. जाताना म्हणाला, बुधीबायनं आपल्या राबाला पातेरा वाहिलाय. त्याला ते आठवत होतं. मला वाटायचं या घरात फक्त मलाच आठवतं. तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

यंदा आमच्या वाफ्यावर काही नाही. तो राब तुझ्याबरोबर गेला आणि त्याचं मला समाधान आहे. मी नाही म्हणाले ते बरोबरच केलं, हे मी कुणालाही सांगेन. फक्त ते तुझ्या तोंडून ऐकायची सवय झाली होती, ती मोडायची आहे.

आज बाजार होता. चैत लागून नऊ दिवस झाले. मी मुद्दाम फाट्यावर जाऊन बसले, म्हटलं बोलणं खायचं तर समोरासमोर खावं. वाडीच्या बायका उतरल्या. थांबतात का पुढं मोरीवर जातात, म्हणून माझा जीव वरखाली. पार्वती सगळ्यात पुढं होती. ती भिंतीशी आली, मोळी टेकवली, पदरानं तोंड पुसलं. मागोमाग सगळ्याजणी. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. वर माशांचा गोंगाट चालला होता आणि खाली गार होतं.

मग पार्वती झाडाकडं बघतच बोलली. "राब संपला आसंल तुमचा. उद्या आमी पातेऱ्याला चाललोय. तुमी पण या. चुंबळ आणा."

मी बरं म्हटलं. घरी येऊन खुंटीवरची चुंबळ काढली. तुझ्या लुगड्याच्या धडप्याची, पहिल्या दिवशी तू माझ्या डोक्यावर बसवलीस ती. परत द्यायची राहूनच गेली होती.